चाकाशिवाय मडकं: झुलू स्त्रिया उखाम्बा कसा घडवतात

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात झुलू समाजात घरची ज्वारीची बिअर, म्हणजे उत्शवाला, ज्या गोल, काळ्या, चकचकीत मडक्यातून पितात त्याला उखाम्बा म्हणतात. ते घडवायला चाक लागत नाही आणि भट्टीही लागत नाही. लागते ती ओळखीची माती, एक खरवडणी, एक गारगोटी, शेण, वाळलेला पाला आणि तीन-चार आठवड्यांचा धीर. बिअर गाळणं बायकांचं काम, तसंच तिचं भांडं घडवणंही बायकांचंच. आई, मावशी, आजी किंवा सासू यांच्या हाताखाली मुली हे शिकतात. तुगेला नदीच्या खोऱ्यातल्या नेस्टा नाला (१९४०–२००५) या त्यांतल्या सर्वांत नावाजलेल्या. त्या आपल्या आईकडून शिकल्या आणि पुढे त्यांच्या मुलींनीही हेच काम हाती घेतलं.

‘आफ्रिकेत मडकी बायकाच करतात’ हे विधान मात्र सरसकट खरं नाही. नायजेरियातल्या हौसा समाजात पुरुषही हाताने मडकी घडवतात आणि उत्तर आफ्रिकेतल्या शहरांत चाकावर पुरुषच बसतात. पण हाताने घडवून उघड्या आगीत भाजायचं काम सहाराच्या दक्षिणेला बहुतेक ठिकाणी बायकांकडेच आहे. मालीत तर लोहाराच्या घरातला पुरुष लोखंड ठोकतो आणि त्याच घरातली बाई मडकी घडवते, अशी जातवार वाटणीच आहे. महाराष्ट्रातल्या कुंभाराच्या घरात बाई माती मळते, मडकी सुकवते, रंगवते, पण चाक परंपरेने पुरुषाच्या हाती असतं. झुलूंकडे चाकच नाही, त्यामुळे मातीच्या खाणीपासून बाजारापर्यंत सगळे निर्णय एकाच बाईचे असतात.

ही पद्धत घरकामात बसते, हेही ती बायकांकडे राहण्याचं एक कारण असावं. चाकावरचं मडकं एका बैठकीत उतरावं लागतं. वळ्यांचं, म्हणजे मातीच्या लांब वाती एकावर एक रचून घडवलेलं मडकं मध्येच ओल्या फडक्याखाली झाकून पाणी आणायला जाता येतं, आणि ते तसं अधूनमधून सोडावंच लागतं. क्वाझुलू-नातालमध्ये पाऊस उन्हाळ्यात पडतो, साधारण ऑक्टोबर ते मार्च, आणि हिवाळा कोरडा जातो. सुकवणं-भाजणं त्या कोरड्या दिवसांत सोपं, आणि शेतीची कामंही तेव्हा कमी असतात.

माती

सगळी पुढची डोकेदुखी इथे ठरते. झुलू कुंभारणी ओढ्याकाठची किंवा टेकडीच्या कुशीतली माती खणतात आणि बऱ्याचदा दोन प्रकारच्या माती मिसळतात. एक चिकट असते, दुसरी थोडी भरड. चिकट माती आकार धरते, भरड माती आगीत तग धरते. बोट्स्वानातल्या क्गात्लेंग जिल्ह्यातल्या बायका तर मातीत झिजून ठिसूळ झालेल्या वालुकाश्माची पूड घालतात. त्यांचं कौशल्य २०१२ साली युनेस्कोच्या ‘तातडीने जपायला हवा’ अशा वारशाच्या यादीत गेलं.

अनेक आफ्रिकी समाजांत मातीच्या खाणीवर कोणी आणि कधी जायचं याचे नियम आहेत. बऱ्याच ठिकाणी पाळी चालू असलेल्या किंवा गरोदर बाईने माती काढायची नसते. त्यावर मत काहीही असो, खाणीचा ताबा ठरावीक बायकांकडे राहतो आणि ती ओरबाडली जात नाही, हा त्याचा एक परिणाम नक्की आहे.

घरी करून बघणाऱ्याने आधी तीन चाचण्या घ्याव्यात. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडकली तर माती अशक्त, म्हणजे चिकट माती मिसळायला हवी. बोटांना चिकटून राहिली तर फार चिकट, म्हणजे वाळू हवी. दुसरी चाचणी आक्रसण्याची. मातीची १४ सेंमी लांबीची पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ ओढा आणि पूर्ण वाळल्यावर मोजा. ९ ते ९.४ सेंमी उरली तर ठीक. ८.८ च्या खाली गेली तर मडकं सुकतानाच फाटणार. तिसरी चाचणी चुन्याची: कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर ती माती सोडून द्या.

आपल्याकडची काळी, कापसाची माती या कामाला निरुपयोगी आहे. ती पाण्याने फुगते, वाळताना भेगाळते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. हे खडे आगीत कळीचा चुना होतात. भाजल्यावर काही दिवसांनी हवेतला ओलावा पिऊन ते फुगतात आणि चांगल्या मडक्याचे टवके उडवतात. समुद्रकिनाऱ्यावरची वाळूही घालू नये. शिंपल्यांचे कण तोच प्रताप करतात. तलावाच्या तळची किंवा कुंभाराकडून आणलेली तयार माती घ्यावी.

मळणी आणि मुरवण

दोन मडकी आणि चाचणीचे तुकडे होतील एवढ्यासाठी ५ किलो कोरडी माती पुरते. ढेकळं पूर्ण वाळवून फोडा, मग वाटून चाळा. झुलू बायका दगडी पाट्यावर दळतात. चाळणी साधारण १ मिमी जाळीची हवी. त्याहून मोठा खडा पातळ भिंतीत तड्याची सुरुवात करतो. ही पूड श्वासातून जाऊ देऊ नका. नाकावर मास्क लावा आणि सांडलेली माती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

माती स्वतःच वाळूमिश्रित असेल तर काही घालायची गरज नाही. नुसती गुळगुळीत असेल तर ४ मापं मातीला १ माप नदीची बारीक वाळू किंवा जुन्या खापराची रव्याएवढी पूड घाला. मला विचाराल तर खापराची पूड सरस. ती एकदा आगीतून गेलेली असल्यामुळे पुन्हा आक्रसत नाही, आणि वाळूतल्या गारेसारखी (क्वार्ट्झसारखी) तापताना एकदम फुगतही नाही. या भरड कणांमुळे आतली वाफ बाहेर पडायला वाट मिळते आणि तडा गेलाच तर तो कणापाशी अडतो.

पाणी दीड ते पावणेदोन लिटर लागेल, पण एकदम ओतू नका. आधी सव्वा लिटरमध्ये भिजवा आणि उरलेलं हाताच्या अंदाजाने घाला. गोळा मुठीत दाबला की बोटांचे ठसे स्पष्ट उठावेत, पण हात माखू नये. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून निदान आठवडाभर सावलीत मुरू द्या. तेवढ्या वेळात पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचतं आणि मातीला लवचिकपणा येतो. घडवण्याआधी पुन्हा १५–२० मिनिटं मळा. गोळा तारेने कापून बघा. आत बुडबुड्याची पोकळी दिसली तर मळणी अपुरी आहे.

बूड आणि वळ्या

२२ सेंमी पोटाच्या आणि साधारण १८ सेंमी उंचीच्या मडक्याला अडीच-तीन किलो ओली माती लागते. खाली एखादी थाळी, तिच्यात फडकं किंवा गवताची चुंबळ, म्हणजे काम फिरवता येतं. १२ सेंमी व्यासाची, दीड सेंमी जाडीची चकती भाकरीसारखी थापा आणि तिच्या कडा थोड्या वर वळवा.

आता हाताच्या बोटाएवढ्या जाडीची, दीड-दोन सेंमीची वळी करा. ती कडेच्या वर ठेवू नका, आतल्या बाजूला किंचित खाली बसवा, म्हणजे जोडाचं क्षेत्र वाढतं. अंगठ्याने आतून वळीची माती खाली ओढा आणि बोटाने बाहेरून खालची माती वर ओढा. दोन्ही बाजूंनी जोड दिसेनासा झाला पाहिजे. बाहेरून सारवून आत तसंच सोडलेलं मडकं आगीत त्याच रेघेवर गोल फाटतं, आणि ते झाकण उघडावं तसं स्वच्छ फाटतं. प्रत्येक वळीचं टोक वेगळ्या जागी जोडा. सगळी टोकं एका ओळीत आली तर उभी भेग पडते.

तीन-चार वळ्या झाल्या की थांबा. खालचा भाग जरा आवळू द्या, ऊन किती आहे त्याप्रमाणे तासभर किंवा अर्धा दिवस. वरची कड ओल्या फडक्याने झाकायला विसरू नका, कारण सुकलेल्या कडेवर ओली वळी बसत नाही. थांबायचा कंटाळा करून एकदम वर नेलेलं मडकं पोटाशी बसतं आणि मग ते सरळ होत नाही. ते मोडून पुन्हा गोळ्यात घालावं.

पोट बाहेर काढायचं तेव्हा वळी कडेच्या किंचित बाहेर ठेवतात, खांदा आत घ्यायचा तेव्हा किंचित आत. खरी गोलाई मात्र खरवडणीने येते. झुलू बायका वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीचा तुकडा किंवा चमचा वापरतात. आतून भोपळ्याच्या तुकड्याने रेटायचं, बाहेरून हाताने आधार द्यायचा. भिंत थोडी आवळली की बाहेरून खरवडून ६ ते ८ मिमीपर्यंत आणायची. जाडी एकसारखी असणं पातळ असण्यापेक्षा महत्त्वाचं. एका बाजूला ५ आणि दुसरीकडे १२ मिमी असेल, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि मडकं स्वतःलाच ओढून फाडतं.

नायजेरियातल्या ग्बाग्यी समाजातल्या स्त्रिया मडकं फिरवत नाहीत. मडकं जागेवर राहतं आणि बाई वाकून त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरते. लादी क्वाली (सुमारे १९२५–१९८४) अशीच पाण्याची मोठी मडकी घडवत, त्यांवर सरडे, मासे, विंचू कोरत. १९५४ मध्ये त्या अबुजाच्या कुंभारकाम प्रशिक्षण केंद्रात दाखल झाल्या, तेव्हा तिथे शिकणारी ती पहिली स्त्री. आज नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेच्या मागे त्यांचं चित्र आहे.

नक्षी आणि घोटाई

दोन्हींची वेळ एकच असते आणि तीच बहुतेकांची चुकते. नख ओढलं तर ओरखडा उठतो, पण बोट दाबलं तर रुतत नाही, तेव्हा मडकं तयार. उखाम्ब्यावर दोन प्रकारची नक्षी असते. एक कोरलेली: त्रिकोण, चौकटी, तिरप्या रेघांचे पट्टे. दुसरी म्हणजे अमासुम्पा, उठलेल्या बारीक चामखिळींच्या रांगा. त्या करायच्या दोन रीती आहेत. जागा खरवडून, पातळ मातीचा हात लावून मटाराएवढ्या गोळ्या एकेक चिकटवायच्या, किंवा मातीची जाड पट्टी चिकटवून तिला उभ्या-आडव्या रेघांनी चिरून चौकोनी दाणे काढायचे. दुसरी रीत नवख्याला सोपी. पहिलीत खालची जागा खरवडली नसेल तर वाळताना गोळ्या टपाटप गळतात. या दाण्यांमुळे ओल्या, जड मडक्यावर हाताची पकडही बसते.

घोटायला गुळगुळीत गारगोटी हवी. आधी ओल्या बोटाने पृष्ठभाग सारवा, तो चमक गमावून मंद झाला की दगडाने लहान-लहान फेऱ्यांत, बऱ्यापैकी दाबून घोटा. मातीचे चपटे कण एका दिशेने आडवे पडतात, म्हणून चकाकी येते. फार ओलं असेल तर दगड माती ओढतो, फार सुकं असेल तर नुसते ओरखडे पडतात. दिवसाच्या अंतराने दोनदा घोटलेलं मडकं एकदा घोटलेल्यापेक्षा कितीतरी उजळ दिसतं. ही चकाकी फार कडक आगीत मरते. ९५० अंशांच्या पुढे माती पुन्हा आक्रसते आणि पृष्ठभाग मंद होतो. उघडी आग सहसा तिथवर पोचत नाही, ते बरंच आहे.

सुकवणं

सावलीत, वारा न लागणाऱ्या जागी, पहिले तीन दिवस सैल कापडाखाली, मग उघडं, मधूनमधून उलटं करून. एकूण दहा ते चौदा दिवस. काठ आधी वाळतो आणि बूड मागे राहतं; काठावरची उभी भेग आणि बुडावरची चांदणीसारखी भेग दोन्ही त्यातूनच येतात. पूर्ण वाळलंय का, हे गालाला लावून बघतात. गार लागलं तर आत पाणी आहे.

आग

जमीन कोरडी आणि वारा पडलेला हवा. झुलू बायका उथळ खड्ड्यात वाळकी कोरफडीची पानं, शेण, गवत आणि लाकूड वापरतात. कोरफडीचा तो वाळलेला पाला हळू, एकसारखा जळतो. आपल्याकडे गोवऱ्यांनी तेच काम होतं.

एका-दोन मडक्यांसाठी मीटरभर रुंद आणि १५–२० सेंमी खोल खड्डा पुरतो. सुरुवात तापवण्यापासून. खड्ड्यात छोटी आग करून मडकी तिच्या कडेला दोन-तीन तास ठेवा आणि दर अर्ध्या तासाने फिरवत जवळ आणा. मडकं हाताला धरवणार नाही इतकं गरम झालं तरी वाफ पूर्ण गेलेली नसते, म्हणून पूर्ण वेळ तापवा. ही पायरी गाळली तर आगीत फटाका वाजतो आणि बशीच्या आकाराचा टवका उडतो. भाजताना फुटणाऱ्या मडक्यांपैकी बहुतेक इथेच जातात.

मग निखारे पसरून वर गोवऱ्यांचा थर टाका, त्यावर गरम मडकी पालथी ठेवा, बाजूंना गोवऱ्या उभ्या लावा, वर जुनी खापरं आणि त्यावर पुन्हा गोवऱ्या व वाळकं गवत रचा. एकूण ३०–४० गोवऱ्या लागतील. आग वरून पेटवली तर उष्णता हळूहळू खाली उतरते. खालून पेटवली तर ज्वाळा थेट मडक्याला भिडते. संध्याकाळी पेटवा म्हणजे रंग दिसतो. आधी मडकी काजळीने काळी पडतात, मग काजळी जळून स्वच्छ होतात, मग अंधारात मंद लाल चमकतात. ती लाली म्हणजे सहाशेच्या पुढे पोचलात. आणखी अर्धा तास आग टिकवा. ७०० ते ८०० अंश पुरे. तापमान सहाशेच्या आत राहिलं तर मडकं दिसायला पक्कं, पण पाण्यात ठेवलं की पुन्हा चिखल.

राखेतच गार होऊ द्या, रात्रभर. ५७३ अंशांना गारेचे कण एकदम आकार बदलतात, आणि त्या टप्प्यातून घाईने उतरवलेल्या मडक्याला केसासारखी भेग जाते. बोटाच्या गाठीने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर अखंड, भदभद आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, दिसत नसला तरी.

मालीत, नायजर नदीकाठच्या कालाबूगूच्या बायका नेमकं उलटं करतात. त्या लाल तापलेली मडकी काठीने उचलून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवतात. काढा करपून पृष्ठभागावर बसतो आणि गळती कमी होते. त्यांच्या मातीत भरड कण भरपूर असल्यामुळे ती मडकी हा धक्का सोसतात. आपल्या मातीवर हा प्रयोग पहिल्या फेरीत करू नये.

काळं करणं

लाल-तपकिरी मडकं म्हणजे अजून उखाम्बा झालेला नाही. दुसऱ्या, धुरकट आगीला उकुफुसा म्हणतात. झुलू समजुतीप्रमाणे पूर्वजांना अंधार, गारवा आणि शांतता आवडते. त्यांच्यासाठीची बिअर घराच्या मागच्या अंधाऱ्या भागात, उम्सामोमध्ये ठेवतात. भांडंही म्हणून काळं हवं. ते करणारी बाई या नात्याची जबाबदारीच पार पाडत असते.

मडकं पुन्हा कोमट करून वाळका पाला, गवत आणि चुरलेलं शेण यांच्या ढिगात पूर्ण गाडा. एका मडक्याला दोन बादल्या भरून पाला लागेल. पेटलं की वरून पत्रा टाकून कडा राखेने बुजवा. ज्वाळा नको, दाट धूर हवा. हवा कोंडली की धुरातला कार्बन मातीच्या छिद्रांत शिरतो आणि मातीतलं लोहही तांबडेपणा सोडून काळं होतं. तास-दीड तास पत्रा उचलू नका. कुठे फट राहिली तर तिथे कार्बन जळून तपकिरी डाग उरतो. तो डाग काढायचा तर तेवढंच पुन्हा धुरावं लागतं, पुसून जात नाही.

बाहेर काढल्यावर कोमट असतानाच जनावराच्या चरबीचा पातळ हात द्या आणि गारगोटीने किंवा फडक्याने घोटा. बाजारात विकायच्या पुष्कळ मडक्यांवर आता बुटाचं पॉलिश लावतात. चकाकी जास्त येते, पण अशा मडक्यातून काही पिऊ नये. चरबी नको असेल तर मधमाशीचं मेण चालतं, मडकं गरम असतानाच लावलं तर आत मुरतं.

वापर

बिअरवर इम्बेंगे नावाचं विणलेलं पसरट झाकण ठेवतात. हल्ली ते टेलिफोनच्या रंगीत तारांचंही असतं. यजमानीण आधी स्वतः एक घोट घेते, मग भांडं फिरतं. बिअर करायच्या मोठ्या मडक्याला इम्बिझा आणि वाहून न्यायच्या, मान असलेल्या मडक्याला उफिसो म्हणतात. घडवायची रीत तीच, फक्त माती जास्त आणि वळ्यांमधली विश्रांती लांब.

घरी केलेलं मडकं पहिले काही दिवस पाझरेल. ताकाची निवळ किंवा भाताची पातळ पेज रात्रभर भरून ठेवली की बारीक छिद्रं बऱ्यापैकी बुजतात. साबण लावू नका, तो मातीत मुरतो आणि वास सोडत नाही. आंबट पदार्थ फार दिवस साठवू नका, गॅसवर ठेवू नका. वापरून झाल्यावर पालथं घालून पूर्ण वाळवा, नाहीतर आतून बुरशी धरते. काळा रंग सुरुवातीला हाताला थोडा लागतो. कोरड्या फडक्याने चार-पाचदा पुसल्यावर तो थांबतो, आणि नाही थांबला तर धूर पुरेसा आत मुरलेला नाही, पुन्हा एकदा पत्र्याखाली घाला.